लॅपटॉपचं नंतर बघू दादा, आधी ॲडमिशनचा ऑप्शन फॉर्म कोण भरतंय ते सांगा

पत्र थोडक्यात: सिडको, नाशिकहून एका वडिलांनी लिहिलंय. अंबडच्या कारखान्यात सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचे ऑपरेटर आहेत, 22 वर्षं सर्व्हिस. मुलाची बारावी झाली, सीईटीला 86 पर्सेंटाइल. मुलाला इंजिनीअरिंगला मेकॅनिकल पाहिजे, वडिलांना कॉम्प्युटर. "1,19,900 चा मॅकबुक घेऊन देतो, पण ब्रँच कॉम्प्युटरच" असं त्याला सांगून टाकलंय. पैशासाठी मिसेसच्या पाटल्या गहाण ठेवणार आहेत, दुकानात 5 हजार टोकनही दिलंय. प्रश्न एवढाच की मॅकबुक घ्यावा का 60 हजाराचा विंडोज.

नमस्कार दादा,

चार पानी पत्र, त्यातली तीन पानं लॅपटॉपची. रॅम, बॅटरी, वॉरंटी, जुना विकला तर किती येतील, सगळं रकाने पाडून लिहिलंय, एवढी मेहनत सहसा कोणी घेत नाही. मुलाबद्दल मात्र सहा ओळी आणि त्याही तक्रारीच्या. कंपनीच्या फॅमिली डेला नेलं तर व्हीएमसी मशीनच्या काचेला नाक लावून उभा राहिला, टूल चेंजर कसा फिरतो तेच बघत बसला, जेवायला हलेना, असं तुम्ही वैतागून लिहिलंय. अहो दादा, अख्ख्या पत्रात कामाची गोष्ट तेवढीच आहे! मला दिवसभर जी पोरं भेटतात त्यातल्या निम्म्यांना "तुला काय आवडतं" विचारलं तर ती आईकडे बघतात, तुमचं पोरगं जेवण सोडून मशीन बघतंय आणि तुम्हाला त्याचा त्रास होतोय.

त्रास का होतो तेही तुम्हीच लिहिलंय, "माझ्या कपड्याला कूलंटचा वास येतो तो त्याच्या कपड्याला नको." हे वाक्य मला समजतं. तीन शिफ्ट 22 वर्षं करून घर चालवलंय, पोराला त्यातून बाहेर काढावं वाटणं यात काहीच चूक नाही. पण मेकॅनिकल केलं म्हणजे तो तुमच्याच मशीनवर येऊन उभा राहणार हे कोणी सांगितलं? तुम्ही ज्या ड्रॉइंगवरून जॉब (पार्ट) काढता ते ड्रॉइंग कोणीतरी बसून बनवतंच ना, जॉब धरायचं फिक्स्चर कोणीतरी डिझाइन करतं, प्रोग्राम कोणीतरी लिहितं. अंबड-सातपूरला टूलरूम आणि एसपीएम (एखाद्या खास कामाची मशीन) बनवणारे किती आहेत ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. सुरुवातीचा पगार कमी असतो, ते खरंय. पण कॉम्प्युटरवाल्यांनाही आता सरसकट कॉलेजातून उचलून नेत नाहीत, 86 पर्सेंटाइलला मिळणाऱ्या कॉलेजातून तर नाहीच नाही.

आणि मला खरी काळजी वेगळीच वाटते. तुम्ही लॅपटॉप घेऊन देत नाही आहात, ब्रँच विकत घेताय. अठरा वर्षाच्या पोरासमोर सव्वा लाखाची वस्तू धरायची, तीही आईच्या पाटल्या गहाण ठेवून, आणि म्हणायचं आता बोल. तो काय बोलणार? हो म्हणेल. नंतर सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर डोक्यावरून गेलं, केटी लागली (विषय राहिला), तर घरी सांगायची हिंमत कुठून आणेल? रोज रात्री तो लॅपटॉप उघडला की पाटल्याच आठवणार. अशी पोरं माझ्याकडे येतात, बहुतेक वेळा उशिरा येतात, आईबापाला माहीतच नसतं की दोन वर्षं बॅकलॉग चाललाय. तेव्हा पाटल्या घरातच राहू द्या, या एका मुद्द्यावर मी वाद घालणार नाही.

आता तुमचा हिशोब. तुम्ही लिहिलंय मॅक 7 वर्षं टिकतो म्हणजे वर्षाला 17 हजार पडतो, विंडोज 3 वर्षात जातो म्हणजे वर्षाला 20 हजार, म्हणून मॅकच स्वस्त. भागाकार बरोबर आहे, पण 7 आणि 3 हे आकडे आले कुठून? विंडोज तीन वर्षात जातो ही समजूत झालीय कारण आपल्याकडे लोक 30 हजाराचा, कमी रॅमचा घेतात आणि त्याची तुलना लाखाच्या मॅकशी करतात. 60 हजाराचा धड बघून घेतला तर इंजिनीअरिंगची चार वर्षं आरामात निघतात, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये खालचं झाकण उघडून रॅम, एसएसडी वाढवता येते (अगदी पातळ मॉडेलमध्ये रॅम सोल्डर केलेली असते, ते विचारून घ्यायचं). मॅकबुकमध्ये दोन्ही बोर्डावरच पक्कं, घेताना जे घेतलं तेच शेवटपर्यंत. एम4 चिपवाला मॅकबुक एअर मार्च 2025 मध्ये आला तेव्हा 256 जीबीचा 99,900 ला होता आणि 512 जीबीचा 1,19,900, म्हणजे एवढ्याशा फरकाला 20 हजार, आणि तुमच्या रकान्यात तोच आकडा आहे. स्टुडंटला डिस्काउंट मिळतो तो तुम्ही धरलेलाच नाही. आणि टिकण्याचं म्हणाल तर कंपनीने हात काढला की मशीन चालू असूनही जुनं होतं, ते दोन्हीकडे आहे. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज 11 घेतच नाहीत, तसंच इंटेलवाल्या मॅकसाठी टाहो हे शेवटचं मॅकओएस असं ॲपलनेच सांगितलंय, त्यातले काही तर 2020 मध्ये नवीन घेतलेले आहेत. मॅक वाईट नाही हो, बॅटरी दिवसभर चालते, फार तापत नाही, जुना विकला तरी पैसे बरे येतात, हे सगळं तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे.

पण ज्या कामाला घेतोय ते काम त्यावर होतं का, हा रकाना तुमच्या तीन पानात नाही. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रेओ, ही मेकॅनिकलची रोजची सॉफ्टवेअर मॅकवर येतच नाहीत. फ्यूजन चालतं, ऑटोकॅडचंही मॅक व्हर्जन आहे, बाकीच्यांसाठी पॅरलल्स हे मॅकवर विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर वेगळं विकत घेऊन त्यात विंडोज टाकायचं, ते पण एआरएम चिपसाठीचं वेगळं, आणि अडलं तर सॉलिडवर्क्सवाले सांगणार मॅकला सपोर्ट नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, उद्या शिफ्ट सुटल्यावर तुमच्याच डिझाइन डिपार्टमेंटला डोकावून या, टेबलावर कुठला कॉम्प्युटर आहे ते बघा. आणि समजा पोराने मनापासून कॉम्प्युटरच घेतलं, तरी सी, जावा, पायथन कशावरही चालतं, उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आहे, विंडोजच्या शेजारी टाकता येतं. आयफोनची ॲप बनवायची तर एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर, पण पहिल्या वर्षात कोणी ते करत नाही. म्हणजे दोन्ही ब्रँचला 16 जीबी रॅम आणि 512 एसएसडीचा विंडोज पुरतो, मेकॅनिकलला वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला बघायचा, थोडा जड असतो, बॅटरी लवकर उतरते, चालतं.

पैसे कमी पडत असतील तर बँकेच्या एज्युकेशन लोनमध्ये कोर्सला लागणाऱ्या कॉम्प्युटरचा खर्च धरता येतो, फी साठी लोन काढणारच असाल तर त्यातच विचारा. दुकानातल्या नो कॉस्ट ईएमआयला भुलू नका, प्रोसेसिंग फी लावतात आणि रोखीवर मिळणारा डिस्काउंट जातो.

सीईटी, जेईई पुन्हा देणं, डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर, हे रस्ते सगळ्यांना माहीत आहेत आणि तुमच्या मुलाला त्यातलं काही लागतही नाहीये. लागतंय ते कॅपच्या (इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या) ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेज आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने भरायच्या यादीवर लक्ष. तुम्ही ओझरतं लिहिलंय की लॉगिनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. तो त्याला द्या. पहिल्या राउंडला पहिल्या नंबरचा ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणजे तुम्ही रागाच्या भरात वर कॉम्प्युटर टाकलं आणि लागलं तर विषय संपला. शेजारी बसा, नाशिकमधली कॉलेजं, फी, सिडकोतून जायला यायला किती वेळ लागतो ते सगळं त्याला सांगा, पण क्रम त्याने लावायचा. त्याने स्वतःहून कॉम्प्युटर वर टाकलं तर माझी काहीच हरकत नाही.

पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या, चार ओळीचं असलं तरी चालेल. लॅपटॉप कॉलेज सुरू होऊन महिना दीड महिना झाल्यावर, सिनियरला विचारून घ्या, तोपर्यंत लॅबमध्ये कॉम्प्युटर असतात. आणि ते 5 हजार टोकन उद्याच जाऊन परत मागा, पावती सोबत न्या. परत द्यायला खळखळ केली तर पुढे विंडोज तिथूनच घेऊ, तेवढे त्यात वळते करा म्हणून पावतीवर लिहून घ्या.