युद्ध संपल्यावर पैसे देऊन लोकांकडच्या बंदुका परत का घेत नाहीत?

घेतात की. फक्त परत काय येतं ते विचारा.

लायबेरियात 2003-04 ला घेतल्या. माणशी 300 डॉलर. एक लाखाहून जास्त जण "आम्ही लढवय्ये" म्हणून रांगेत उभे राहिले आणि बंदुका जमा झाल्या 28 हजारांच्या आसपास, कारण बंदूक नसली तर 150 राऊंड, म्हणजे गोळ्या, आणल्या तरी नाव लागत होतं. बाकीचा हिशोब तुम्हीच करा.

मी यूएन मिशनवर काँगोत होतो, 2009-10 ला, पूर्वेकडच्या नॉर्थ किवू प्रांतात, रुत्शुरूच्या बाजूची पोस्ट. त्याआधी बरीच वर्षं युनिटचा कोत, म्हणजे हत्यारांची खोली, सांभाळलेला माणूस मी, रायफलींचे बट नंबर झोपेत विचारले तरी सांगायचो, आणि रेंजवर एक खोका, म्हणजे उडालेल्या गोळीची रिकामी नळी, कमी भरला तर आख्खी कंपनी अंधार पडेपर्यंत गवत चाळत बसायची, त्यात मी सगळ्यात पुढे. शिव्या पण मलाच.

तर 1994 ला रवांडात हरलेलं सैन्य हत्यारांसकट सीमा ओलांडून काँगोत आलं, तेव्हा काँगोला झैरे म्हणायचे. त्यांच्यातूनच पुढे एफडीएलआर ही बंडखोर संघटना उभी राहिली. त्यातलं कुणी शरण आलं की हत्यार आमच्याकडे जमा आणि माणूस पुढे रवांडातल्या मुतोबो कॅम्पला. एक दिवस सकाळी असाच एक जण आला, पायात गमबूट, रायफल पोत्यात गुंडाळलेली. चायनीज 56, म्हणजे एके-47 ची चिनी नक्कल. बटाला तार बांधलेली, मॅगझिन नाही, फायरिंग पिन नाही, बॅरलमधून चिंधी ओढली तर नुसता लाल भुगा. त्या रायफलीतून कित्येक वर्षांत गोळी सुटलेली नव्हती, हे कुणीही सांगितलं असतं. पण झडती घेतली तर जॅकेटच्या खिशात तीन राऊंड, चकाचक, वरचं लाखेचं कोटिंगसुद्धा शाबूत. आता ज्याच्या खिशात असे राऊंड आहेत त्याच्याकडे ते उडवणारी चांगली रायफलही असणारच ना? दुभाष्याकडून विचारलं, दुसरी कुठेय म्हणून. तो नुसता हसला.

मी साहेबांना म्हटलं, सर, खोक्याच्या बुडावर कारखान्याचा आकडा आणि साल ठोकलेलं असतं, ते तरी रिपोर्टात घेऊ. साहेब म्हणाले, वेपन एक, सरेंडर एक, एवढंच लिही, राऊंडचे नंबर टाकायला कॉलम नाहीये. मी माझ्या डायरीत लिहून ठेवले.

दोनेक महिन्यांनी जवळच एक ट्रक लुटला गेला. आम्ही पोचलो तेव्हा चिखलात 14 खोके पडलेले, त्यातल्या नऊंवर तोच आकडा, तेच साल. साहेबांना दाखवले तर म्हणाले योगायोग. आणि आता रिटायर झाल्यावर ग्रुपवर टाकत असतात, आपण एवढी एवढी हत्यारं जमा केली. ती तारेची रायफलही त्या आकड्यात धरलीय बरं का!

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. एके-47 बनावटीची रायफल नीट ठेवली तर चाळीस-पन्नास वर्षं मरत नाही, जंगलात पुरा, काढा, तेल लावा, चालते. गोळी मात्र एकदा उडाली की संपली, पुन्हा कुणीतरी आणून द्यावीच लागते. म्हणजे कोण पुरवतंय ते खोक्यावरून कळतं. पण 2005 ला यूएनने बंदुकांवर खुणा करून माग काढायचे नियम केले, त्यात दारूगोळा सरळ वगळला. 2023 ला कुठे दारूगोळ्यासाठी वेगळी चौकट आली, तीही ऐच्छिक.

आणि बंडखोरांना वर्दी देऊन सैन्यात घेतलं की बंदुका आपोआप सरकारी होतात असं म्हणणाऱ्यांनी काँगोतली एम23 ही बंडखोर संघटना बघावी. त्या नावातली 23 म्हणजे 23 मार्च 2009 चा करार, ज्यात सीएनडीपी नावाच्या बंडखोर गटाचे लोक सैन्यात आले. 2012 ला त्यातलेच बाहेर पडले आणि नोव्हेंबरात गोमा, नॉर्थ किवूचं मुख्य शहर, घेतलं. जानेवारी 2025 मध्ये पुन्हा घेतलं.

आता खरं सांगायचं तर नऊ खोके म्हणजे काही पक्का पुरावा नाही, एकाच सालच्या लाखो गोळ्या एकाच कारखान्यातून निघतात. गोळीही कोरडी ठेवली तर पुष्कळ वर्षं टिकते, तेव्हा आज पुरवठा तोडला आणि उद्या शांतता असंही होत नाही. आणि जमा करणं अगदीच वाया जातं असंही नाही, मालीत 1996 ला टिंबक्टूमध्ये तीनेक हजार हत्यारं चौकात जाळली, तेव्हा निदान ती तरी कुणाला परत विकता आली नाहीत. मोझांबिकमध्ये बंदुकीच्या बदल्यात शिलाई मशीन, सायकली दिल्या. मला ते रोख पैशापेक्षा बरं वाटतं, कारण रोख पैशातून दुसरी बंदूक घेता येते.

डायरी अजून माझ्याकडे आहे. साहेब इथे असतील तर आकडा आणि साल दोन्ही सांगतो, कॉलम मी स्वतः आखून घेतलाय.