त्या ५ वरच्या टेंगळाचं काय?

अगं, तुझ्या त्या नव्या दीर्घिकेचा ग्राफ, ती किती लांब असायची शक्यता किती ते दाखवणारा, काल रात्री बघितला, इथे रत्नागिरीत धो धो पाऊस, लाइट गेलेली, मोबाईलवरच झूम करून. रेडशिफ्ट (प्रकाश ताणला जाऊन किती लाल झालाय त्याचं माप, जितकं मोठं तितकी दीर्घिका लांब) १५ ला मोठा उंचवटा आहे, मान्य. पण ५ पाशी जे बारीकसं टेंगूळ आहे त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, पेपर आत्ता टाकू की थांबू एवढंच विचारलंस. थांब. स्पेक्ट्रम, म्हणजे तिचा प्रकाश रंगारंगात फोडून घेतलेली पक्की नोंद, येईपर्यंत थांब.

रात्री मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उभं राहून मिणमिणता दिवा बघितलायस ना? लांबचा ट्रॉलर की जवळची होडी, नुसत्या उजेडावरून तुझे आजोबासुद्धा सांगायचे नाहीत, इंजिनाचा आवाज कानावर येईपर्यंत गप्प. तुझ्याकडे आत्ता फक्त उजेड आहे, सात-आठ फिल्टरमधला. १.५ मायक्रॉन तरंगलांबीला गायब आणि २.७७ ला लख्ख, म्हणजे हायड्रोजनने कमी तरंगलांबीचा प्रकाश खाल्ला, म्हणजे रेडशिफ्ट १५, असं तुझं संगणकावरचं कोड म्हणतं. पण धुळीने माखलेली जवळची दीर्घिकाही तशीच दिसते, त्यात ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या चमकदार रेषा नेमक्या जास्त तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये पडल्या की झालंच!

सीअर्स-९३३१६ ही दीर्घिका आठवते ना? २०२२ मध्ये रेडशिफ्ट १६ च्या वर म्हणून केवढा गाजावाजा, वेब अवकाश दुर्बिणीने स्पेक्ट्रम घेतला तर ४.९. आणि वेबच्याच जेड्स सर्वेक्षणातली ती रेडशिफ्ट १४ वाली, तिच्यावर कितीतरी जणांना शंका होती, जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ दहा तास स्पेक्ट्रम घेतला तेव्हा पटलं, विश्व जेमतेम २९-३० कोटी वर्षांचं असतानाची आहे म्हणून. पुढे चिलीतल्या आल्मा रेडिओ दुर्बिणीला तिच्यात ऑक्सिजनही सापडला. थांबल्याने तिचं काही बिघडलं का?

माझं बिघडलं, ते तुला माहितीच आहे. माझ्याकडे एक रेडिओ सोर्स होता, गाईड म्हणाले छाप, मी स्पेक्ट्रमसाठी अडून बसलो, दोन सीझन ढगात गेले, फेलोशिप संपली. दुसऱ्यांनी स्पेक्ट्रम घेतला, खरंच लांबचा निघाला, नाव त्यांचं लागलं, मी इथे येऊन प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या करत बसलो. बायको म्हणते घाबरलात. घाबरलो नव्हतो गं, माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही, आजही लिहिणार नाही. चूक एकच, ज्यांच्याकडे दुर्बिणीचा वेळ होता त्यांना विचारायची लाज वाटली. थांबणं वेगळं आणि हातावर हात धरून बसणं वेगळं, हे कळायला मला म्हातारा व्हावं लागलं.

म्हणून तू लाजू नकोस. त्या भागाचे स्पेक्ट्रम कुणी आधीच घेतलेत का ते वेबच्या आर्काइव्हमध्ये शोध, पुण्यात ज्यांना विचारायचं त्यांना आजच मेल टाक, वाटल्यास माझं नाव सांग, उपयोग शून्य होईल तो भाग वेगळा. आणि घाईच झाली असेल तर शीर्षकात ‘उमेदवार’ हा शब्द मोठ्ठा घाल आणि ५ चं टेंगूळ पहिल्याच आकृतीत दाखव, परिशिष्टात लपवू नकोस.

धुळीची मर्यादा वाढवून, रेषा धरून, दुसऱ्या कोडवर परत चालव आणि शुक्रवारपर्यंत पाठव. तोवर लाइट येईल बहुतेक.

– सर