गावालगतच्या वनखात्याच्या रानावर एकमत कसं घडवायचं?

तुमचा प्रश्न पाटण तालुक्यातल्या रानाचा: गुरंवाल्यांना चराई हवी, तरुणांना पर्यटन, वनखात्याला चराईबंदी हवी. मोठ्या सभेपासून सुरुवात करू नका. तिथं आवाजी माणसंच बोलतात. आधी वाड्यावस्त्यांवर जा, धनगरवाड्यावर तर नक्कीच, आणि बायकांशी वेगळं बोला; सरपण त्याच आणतात. मग वनरक्षकासह सगळ्यांनी मिळून शिवारफेरी करा. नकाशावर भांडणारे जागेवर गेले की निम्मे वाद कोणत्या ओढ्यापलीकडे गुरं न्यायची एवढ्यावर येतात. पहिला ठराव वणव्याचा घ्या. जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, सगळ्यांनाच हवी असते, त्यावर सहसा कुणी अडत नाही. चराईबंदी पूर्ण रानावर नको, आळीपाळीने एकेका तुकड्यावर मांडा.

कागदाचंही बघा. वनहक्क कायदा २००६ नुसार रानावर गावाच्या हक्काचा सामूहिक दावा करणार असाल, तर ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. आमच्याकडे गणपूर्ती हाच खरा घोळ. अर्धं गाव मुंबईत. म्हणून सभा गणपतीत किंवा यात्रेच्या आसपास लावा. रान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात येतं का, तेही आधी तपासा. तिथले नियम पार वेगळे.