रक्तगट 'ए' असला की कॅन्सर होतो का?

नाही हो. लोकल स्टेशनवरच्या रक्तदान शिबिरात कार्डावर 'ए पॉझिटिव्ह' वाचून झोप उडवून घेऊ नका.

संबंध आहे, पण बारीक. रक्तगट ठरवणारं 'एबीओ' नावाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. ते पेशींवर साखरेचे रेणू चिकटवतं. फक्त रक्तातल्याच नव्हे, जठराच्या अस्तरावरच्याही. 'ए' गटात जठराचा कॅन्सर थोडा जास्त आढळतो, हे ब्रिटनमध्ये १९५३ सालीच नोंदवलं गेलं. २००९ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरशीही या जनुकाचा दुवा सापडला. 'ओ' गटाला धोका किंचित कमी.

रक्तगट बदलता येत नाही. खिशातली तंबाखूची पुडी मात्र आजच फेकता येईल, तिचा धोका कितीतरी मोठा. घरात कुणाला कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.