मोटरची पत्ती का वितळते? वायर जोडणीची प्रश्नोत्तरे

शाळा-कॉलेजांत प्रोजेक्टचे दिवस आले की छोट्या मोटरींबद्दलचे प्रश्न वाढतात. या वेळी निवडलेले सगळे प्रश्न मोटरला वायर सोल्डर करण्याचे, म्हणजे वितळवलेल्या मिश्रधातूने जोडण्याचे आहेत.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. रोबो-गाडीसाठी पिवळ्या बीओ मोटरी (गिअरबॉक्स लावलेल्या छोट्या मोटरी) आणल्या. वायर लावताना एका मोटरची तांब्याची पत्ती तिरकी होऊन आत गेली, आता ती मोटर फिरतच नाही. माझं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं आहे. बाबा म्हणतात, याहून कमी वॉटचं घे. घेऊ का?

उत्तर : नको. मोटर मरते ती बहुतेक वेळा आयर्न जास्त वेळ टेकवून ठेवल्यामुळे. ती पत्ती मागच्या प्लॅस्टिकच्या झाकणात नुसती खोचलेली असते आणि आतल्या बाजूने तिलाच ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणारा तुकडा, जोडलेला असतो. प्लॅस्टिक मऊ झालं की पत्ती कलते, तिच्याबरोबर ब्रश कलतो आणि कम्युटेटरवरून (दांड्यावरच्या, ब्रश घासतो त्या तांब्याच्या कड्यावरून) सुटतो. मग वरचा जोड कितीही चकचकीत असो, मोटर हलणार नाही.

60/40 सोल्डर (60 टक्के कथील, 40 टक्के शिसं) साधारण 190 अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण वितळतं. आयर्नचं टोक स्वच्छ आणि 350 अंशांच्या आसपास असेल, तर पत्तीवर सोल्डर पसरायला दोन-तीन सेकंद पुरतात. उष्णता झाकणापर्यंत पोचायच्या आत काम संपलेलं असतं. टोक काळं किंवा आयर्न अशक्त असेल तर सोल्डर वितळेपर्यंत आपण दाबून धरतो, आणि तेवढ्या वेळात झाकण विरघळायला लागतं. 10 वॉटचं आयर्न घेतलंस तर हा वेळ आणखी वाढेल. तुझं 25 वॉटचं पुरेसं आहे. फक्त सुईसारखं टोकदार बिट (आयर्नचं बदलता येणारं टोक) काढून चपटं लाव, म्हणजे ते पत्तीला जास्त जागी टेकेल.

पत्ती आधी बारीक पॉलिश पेपरने घास, तिच्यावरचा मळकट थर गेला पाहिजे. मग पत्तीवर थोडं सोल्डर चढव आणि थंड होऊ दे. वायरचे तार पिळून त्यांच्यावरही सोल्डर चढव. भांड्याला कल्हई करतात तसा पातळ थर हवा, गोळा नको. आता दोन्ही एकमेकांवर टेकवून आयर्न लाव; दोन्हीकडचं सोल्डर एकजीव झालं की लगेच उचल, आणि जोड घट्ट होईपर्यंत वायर हलवू नकोस. पत्तीच्या मुळाशी धातूचा चिमटा धरलास तर उष्णता तोच खाईल. मोटर अशी आडवी धर, की वितळलेला फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरतात तो रोझिन, म्हणजे राळेसारखा पदार्थ) झाकणाच्या फटीत न जाता बाहेरच्या बाजूला ओघळेल.

बिघडलेल्या मोटरचा पिवळा गिअरबॉक्स टाकून देऊ नकोस. मागे प्लॅस्टिकच्या पट्टीने धरून ठेवलेली मोटर 130 या मापाची असते आणि ती सुटी मिळते. जुनीच्या दांड्यावरचा छोटा गिअर हळूच काढून नवीवर बसव.

प्रश्न : माझ्या आयर्नला सोल्डर चिकटतच नाही, गोळी होऊन खाली पडतं. कानसने टोक घासलं तर दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : कानस बंद करा. आजकालच्या बहुतेक बिटांच्या तांब्यावर लोखंडाचा मुलामा असतो. तो कानसने गेला की उघडं पडलेलं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला खड्डे पडतात. मुलामा नसलेलं साधं तांब्याचं बिट घासलेलं चालतं, पण तुमचं आता नवीनच घ्या. गरम टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, लगेच त्यावर सोल्डर लावायचं, आणि काम संपल्यावर ते सोल्डर तसंच ठेवून आयर्न बंद करायचं. बस.

जाता जाता, पत्र्याच्या कामाला वापरतात ते ॲसिडचं पाणी मोटरजवळ आणू नका. जोड झटकन होतो खरा, पण काही आठवड्यांनी पत्तीवर हिरवा थर दिसेल. रोझिनचाच फ्लक्स वापरा.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. सोल्डरिंगच्या धुरात शिसं असतं का? त्याला हे करू द्यावं का?

उत्तर : जरूर करू द्या, शेजारी बसा. 350 अंशांना शिशाची वाफ म्हणावी अशी होत नाही. दिसतो तो धूर रोझिनचा. पण तोही निरुपद्रवी नाही. त्याने घसा आणि डोळे चुरचुरतात, दमा असलेल्याला त्रास वाढू शकतो. खिडकी उघडी ठेवा आणि लहान पंखा असा ठेवा, की धूर तोंडाकडे न येता बाहेर जाईल. शिसं पोटात जातं ते हातावाटे. म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुणं, त्या टेबलावर खाऊ न ठेवणं, सांडलेले कण ओल्या फडक्याने पुसणं, हे नियम मोडायचे नाहीत. दोन्ही हात गुंतले की मुलं सोल्डरची तार दातात धरतात, तेवढ्यावर बारीक लक्ष ठेवा. शिसेविरहित सोल्डरही मिळतं. ते 220 अंशांच्या आसपास वितळतं आणि नवख्या हाताला जरा हट्टी वाटतं.

प्रश्न : मोटर चालू झाली की आमचा आर्डुइनो (मोटरी चालवणारा प्रोग्रॅमचा बोर्ड) रीसेट होतो. सीनियर म्हणतात मोटरला कपॅसिटर लावा. कुठे आणि कोणता? (डिप्लोमा, दुसरं वर्ष)

उत्तर : आधी बॅटरी बघा. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मोटरी आणि बोर्ड दोन्ही चालवत असाल, तर दोष बहुधा तिथेच आहे. थांबलेली मोटर सुरू होताना चालत्या मोटरच्या कित्येक पट करंट ओढते. ती बॅटरी तेवढा देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. मोटरींना वेगळी बॅटरी द्या, फक्त दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकं) एकमेकांना जोडून ठेवा. निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतील असा माझा अंदाज आहे.

एवढं करूनही बोर्ड अडखळत असेल, तर ब्रशच्या ठिणग्यांमुळे होणारा विद्युत गोंगाट हे कारण असू शकतं. त्यावर 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर 104 छापलेलं असतं, दोन्ही पत्त्यांच्या मध्ये, मोटरच्या अगदी अंगाला लावा. बोर्डाकडच्या टोकाला लावला तर मधली वायर अँटेनाचं काम करत राहते. मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींत पिळून घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर प्रत्येक पत्तीपासून मोटरच्या धातूच्या डब्यापर्यंत एकेक 0.047 मायक्रोफॅरडचा, म्हणजे 473 छापलेला, कपॅसिटर लावतात.

डब्याला सोल्डर लावणं मात्र वेगळं प्रकरण आहे. तो पोलादाचा, वर मुलामा, आणि आकाराने मोठा, म्हणून सगळी उष्णता शोषून घेतो. इथे 60 वॉटचं आयर्न आणि रुंद बिट घ्या. नखाएवढी जागा खरवडून फ्लक्स लावा आणि चार-पाच सेकंदांत काम उरका. खरवडण्याआधी डब्याच्या खिडक्यांवर चिकटपट्टी लावायला विसरू नका. आत चुंबक आहेत, पोलादाचा कीस ते ओढून घेतील आणि मग तो निघता निघत नाही.

प्रश्न : मोटर उलटी फिरते. लाल वायर चुकीच्या पत्तीला लागली का?

उत्तर : अशा ब्रशवाल्या डीसी मोटरला उलटसुलट चालतं. ड्रायव्हरच्या (बोर्ड आणि मोटर यांच्यामधल्या सर्किटच्या) बाजूला दोन वायरी अदलाबदल करा, सोल्डर उकलू नका.

प्रश्न : ड्रोनसाठीच्या 2212 ब्रशलेस मोटरच्या तीन वायरी लांब वाटल्या म्हणून कापल्या. आता बुलेट कनेक्टर (एकमेकांत खोचायची गोल पिन) लावलाय, पण मोटर नुसती थरथरते, फिरत नाही.

उत्तर : एका फेजला, म्हणजे तीनपैकी एका वायरीला, संपर्क मिळत नाही असं दिसतं. या स्वस्त मोटरींच्या वायरी म्हणजे बऱ्याचदा आतल्या गुंडाळीचेच तार बाहेर काढलेले असतात. प्रत्येक तारेवर इनॅमलचा, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या वार्निशचा थर असतो, तांब्यासारखाच दिसणारा. कारखान्यातून येताना टोकाचा थर काढलेला होता, तो भाग तुम्ही कापून टाकलात. आता स्लीव्ह मागे सरकवा, तार सुटे करा आणि प्रत्येक तार सगळ्या बाजूंनी पॉलिश पेपरने घासा. सोल्डर प्रत्येक तारेवर चढलं पाहिजे, जुडग्याच्या वरवर नुसतं पसरून उपयोग नाही. मग मल्टिमीटरवर तिन्ही जोड्यांत बीप येतो का तपासा. बुलेटच्या कपात आधी सोल्डर वितळवून मग तार बुडवा. मोटरकडे नर, ईएससीकडे (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटकडे) मादी कनेक्टर लावायची पद्धत आहे. दिशा उलटी आली तर तिन्हीपैकी कुठल्याही दोन वायरी बदला. बॅटरी जोडून पाहताना प्रोपेलर काढलेला असू द्या.

प्रश्न : जोड चांगला होतो, पण गाडी दोन-तीन दिवस चालली की वायर जोडाशीच तुटते.

उत्तर : सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक असते आणि पुढे लवचीक, धक्के बसून ती नेमकी तिथेच तुटते. एकेरी जाड तारेची वायर वापरत असाल तर ती बदला, बऱ्याच बारीक तारांची घ्या. हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसून जोडावर घट्ट बसणारी नळी) सोल्डर करण्याआधी वायरीत ओवून ठेवा, जोडापासून जरा लांब, नाहीतर ती तिथेच आकसते. वायर मोटरच्या अंगाला ग्लू गनच्या थेंबाने किंवा केबल टायने बांधा, आणि बांधलेल्या जागेपासून पत्तीपर्यंत थोडी ढिली सोडा.