‘पी७एस’ फाइल उघडतच नाही, काय करू?

प्रश्न : ताई, वकिलांनी कराराच्या अटी ईमेलने कळवल्या. सोबत ‘एसमाइम डॉट पी७एस’ नावाची छोटी फाइल आली. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती चित्रविचित्र अक्षरं. अटी तिच्यात आहेत का, की हा व्हायरस? नंतर पीडीएफच्या नावापुढे ‘पी७एम’ लागलेली फाइल आली, तीही उघडेना.

उत्तर : अटी ईमेलमध्येच आहेत, पी७एसमध्ये नाहीत. पी७एस ही मजकुरापासून वेगळी ठेवलेली डिजिटल सही. ईमेलमधल्या मजकुराचा हॅश, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारा छोटा ठसा, काढून त्यावर वकिलांच्या खाजगी किल्लीने (फक्त त्यांच्याकडे असणाऱ्या गुप्त डिजिटल किल्लीने) केलेली सही आणि त्यांचं प्रमाणपत्र, म्हणजे सही कोणाची हे सांगणारा डिजिटल दाखला, एवढंच तिच्यात असतं. म्हणून ती जेमतेम काही केबीची असते. तिच्यात वाचण्यासारखं काही नसतंच, तेव्हा नोटपॅडचा नाद सोडा. नावाच्या अगदी शेवटी पी७एसच आहे ना, त्यामागे ‘ईएक्सई’ (म्हणजे चालणारा प्रोग्राम) वगैरे चिकटलेलं नाही ना, एवढं मात्र बघून घ्या.

तपासणीचं काम ईमेलच्या प्रोग्रामचं. तोच ईमेल थंडरबर्ड, आउटलुक किंवा अ‍ॅपल मेलमध्ये उघडा. सहीचं चिन्ह दिसेल. त्यावर क्लिक केलं की सही कोणाची, प्रमाणपत्र कोणी दिलं आणि त्याची मुदत कधीपर्यंत, हे सगळं कळतं. तिथला ईमेल पत्ता पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी ताडून पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

सही बिघडल्याचा इशारा आला म्हणजे लगेच फसवणूक झाली असं नाही. वाटेत एखाद्या सर्व्हरने ईमेलच्या तळाशी ‘हा संदेश गोपनीय आहे’ अशी ओळ जोडली, तरी हॅश बदलतो आणि सही जुळत नाही. ईमेल फॉरवर्ड केला तर तो नवा संदेश होतो, जुनी सही त्याला लागू राहत नाही. म्हणून पुरावा म्हणून ठेवायचा तर मूळ ईमेल जसाच्या तसा, ‘ईएमएल’ फाइल म्हणून जपून ठेवा. नुसती पी७एस उतरवून घेण्याचा काही उपयोग नाही.

पी७एमचं वेगळं. ते पाकीट समजा, कागद आतच असतो. नुसती सही केलेली असेल तर ओपनएसएसएलसारख्या साधनाने सही तपासून आतली पीडीएफ बाहेर काढता येते. पण ती कूटबद्ध केलेली असेल, तर ज्याच्या प्रमाणपत्राने बंद केली त्याच्याच खाजगी किल्लीने उघडते. तुमच्याकडे प्रमाणपत्रच नसेल, तर वकिलांना फाइल दुसऱ्या पद्धतीने पाठवायला सांगा.

आणि ‘फाइल उघडून देतो, तुमची पीएफएक्स फाइल आणि पासवर्ड द्या’ असं कोणी म्हटलं, तर अजिबात देऊ नका. तिच्यात तुमची खाजगी किल्ली असते. ती हाती लागली की तो तुमच्या नावाने सही करू शकतो.