बस घाटात बंद पडली, समुद्र जेमतेम चाळीस मिनिटं दिसला: पैसे परत मागता येतील का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं अशा पाच सीट कोथरूडहून हरिहरेश्वर-दिवेआगरच्या एका दिवसाच्या ट्रिपसाठी बुक केल्या, माणशी 1,450 प्रमाणे 7,250 रुपये युपीआयने भरले. व्हॉट्सअॅपवरच्या जाहिरातीत होतं की पहाटे 5 ला निघायचं, 11 ला हरिहरेश्वरला दर्शन आणि गाईडसोबत प्रदक्षिणा, मग दिवेआगरला मोदकासह घरगुती जेवण आणि बीचवर तीन तास. प्रत्यक्षात बसच आली सव्वासहाला, ताम्हिणीत टायर गेला, स्टेपनी काढली तर तीही बसलेली, दुसरं चाक यायला तीन तास, दिवेआगरला पोचलात सव्वातीनला, मोदक संपलेले, बीचवर चाळीस मिनिटं, आणि गाईड म्हणाला आता भरती आहे, हरिहरेश्वर रद्द. रात्री 1 वाजता कोथरूडऐवजी चांदणी चौकात उतरवलं, सासूबाई आणि झोपलेली मुलं घेऊन तुम्ही रिक्षा शोधत फिरलात. आता ट्रिपवाले म्हणतात निसर्ग आमच्या हातात नाही, बस आमची नाही, अटींमध्ये नो रिफंड लिहिलंय, केस करायची तर मुंबईत करा. तुम्ही गुगलवर रिव्ह्यू टाकला तर अब्रुनुकसानीची धमकी आली, आणि शेवटी पुढच्या ट्रिपवर माणशी 500 ची सूट देतो म्हणून एका कागदावर सही मागताहेत.

तुमची केस चांगली आहे. पैसे मागता येतात, आणि मागावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रिपवाल्यांचा सगळा रोख असा आहे की नेलं ना, आणलं ना, जेवण दिलं ना, मग तक्रार कसली. पण तुम्ही पुणे ते दिवेआगर प्रवासाचे पैसे दिलेले नाहीत, त्यासाठी एसटी आहे. एका दिवसाच्या ट्रिपमध्ये गिऱ्हाईक विकत घेतं ते तिथले तास, जायला पाच तास आणि यायला पाच तास माणूस बसमध्ये हाडं मोडून घेतो ते मधल्या त्या चार-पाच तासांसाठी. चार दिवसांची कोकण टूर असती आणि त्यात तीन तास गेले असते तर मी तुम्हाला सोडून द्या म्हटलं असतं, इथे मात्र तीन तास गेले म्हणजे ट्रिपच गेली, आणि ग्राहक आयोगाकडचा तक्रार अर्ज लिहिताना हाच मुद्दा सगळ्यात वर ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(11) मध्ये सेवेतली त्रुटी म्हणजे काय ते दिलंय, करारानुसार जे करायचं कबूल केलं त्याच्या दर्जात किंवा पद्धतीत उणीव राहिली तर ती त्रुटी. तुमच्याकडे जाहिरातीत वेळेसकट कबूल केलेलं आहे, हे फार कमी लोकांकडे असतं.

आता भरतीचं. इथे मला जरा थांबून सांगायचंय कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात जास्त राग गाईडवर आहे. ताई, गाईडने त्या वेळी हरिहरेश्वरला नेलं नाही हे अगदी बरोबर केलं. ती प्रदक्षिणेची वाट डोंगराला वळसा घालून खाली खडकांवरून जाते, भरतीला लाटा थेट त्या खडकांवर आपटतात, तिथे माणसं वाहून गेलेली आहेत, सासूबाई आणि मुलांना घेऊन तिथे उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे "गाईडने मुद्दाम नेलं नाही" हे वाक्य अर्जातून काढून टाका, त्याने तुमचीच बाजू लंगडी पडते.

पण त्याच भरतीत तुमचा सगळ्यात पक्का मुद्दा आहे. तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी सप्तमी होती, सासूबाईंचा उपास असतो म्हणून लक्षात राहिलं. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास पूर्ण भरती आणि त्याच्या सहा तास आधी, अकराच्या सुमाराला ओहोटी. जाहिरातीतली हरिहरेश्वरची वेळ काय होती? अकरा. म्हणजे ज्याने कोणी तो प्लॅन बनवला त्याने ओहोटी बघूनच वेळ ठेवली होती, तो हे सगळं जाणत होता, आणि उशीर झाला तर प्रदक्षिणा होणार नाही हेही जाणत होता. असं असताना भरतीला निसर्गाची आपत्ती कसं म्हणणार? डेहराडूनचा भारतीय सर्वेक्षण विभाग (सर्व्हे ऑफ इंडिया) पुढच्या वर्षीचे भरती-ओहोटीचे तक्ते आधीच छापतो. आयोगासमोर तिथीचा हिशोब पुरावा म्हणून चालणार नाही हां, तो फक्त तुम्हाला समजावा म्हणून सांगितला, अर्जाला त्या तारखेच्या छापील तक्त्याचं पान जोडा.

टायरचंही तसंच. टायर कोणाचाही फुटतो, त्याबद्दल मी ट्रिपवाल्यांना दोष देणार नाही. पण पुढे घाटरस्ता असताना बसलेली स्टेपनी घेऊन निघणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. ताम्हिणीत दरड कोसळून रस्ता बंद झाला असता तर माझं उत्तर वेगळं असतं, माणगावच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा-पाऊण तास गेला असता तरी वेगळं असतं. इथे पहिला सव्वा तास तर घाटाच्याही आधी, कोथरूडमध्येच गेलाय आणि त्याचं कारण त्यांनी आजपर्यंत दिलेलं नाही. तुमच्या मिस्टरांनी काढलेला त्या स्टेपनीचा फोटो, ज्यात क्लीनर त्यावर पाय देऊन उभा आहे आणि रबर आत दबलेलं दिसतंय, तो एक फोटो दहा पानांच्या युक्तिवादाच्या तोडीचा आहे. तो मूळ फोनमध्ये तसाच ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या कॉपीत वेळ आणि ठिकाणाची माहिती सहसा उडून जाते, म्हणून मूळ फाईल डिलीट करू नका, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप घ्या. फोटो, चॅट, युपीआयचे स्क्रीनशॉट यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा खरा असल्याचं प्रमाणपत्र जोडा, ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला कोर्टाइतका काटेकोर बांधलेला नसला तरी समोरचा वकील पहिली हरकत यावरच घेतो.

"बस आमची नाही, आम्ही फक्त एजंट" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो. पैसे कोणाच्या खात्यात गेले? त्यांच्या. जाहिरात कोणाची? त्यांची. बसमालकाचं नाव बुकिंगच्या वेळी सांगितलं का? नाही. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 230 नुसार एजंटने आपला मूळ मालक कोण हे उघड केलं नसेल तर एजंट स्वतः जबाबदार धरला जातो. त्यांना बसमालकाकडून वसूल करायचं असेल तर त्यांनी करावं, तो त्यांचा आपसातला हिशोब. बसचा नंबर फोटोत दिसतोय तर एमपरिवहन अॅपवर टाकून मालक, फिटनेस आणि इन्शुरन्सची तारीख बघून ठेवा. प्लेट पिवळी होती असं लिहिलंय म्हणजे निदान खासगी गाडी भाड्याने चालवत नव्हते. फिटनेस संपलेलं निघालं तर आरटीओकडे वेगळी तक्रार होते आणि ती इथेही जोडता येते.

मुंबईत केस करा हे तर विसराच. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी पुणे. नो रिफंडची अट असलेली पीडीएफ पैसे भरल्यानंतर आली असं तुमच्या चॅटमधल्या वेळांवरून दिसतं, हे अर्जात ठळक लिहा, करार झाल्यावर मागून चिकटवलेली अट तुम्ही मान्य केली होती असं म्हणता येत नाही. आणि आधी दाखवली असती तरी ती तुम्ही ट्रिप कॅन्सल केली तर लागू, त्यांनी कबूल केलेलं दिलंच नाही तर कशी लागू होईल? फक्त एक काळजी घ्या, "ही अट अनुचित करार म्हणून रद्द करा" अशी मागणी जिल्हा आयोगात करू नका, अनुचित कराराचे अधिकार कायद्याने राज्य आयोगाकडे दिलेत आणि एवढ्याशा वाक्यावरून तुमचा अर्ज अडकून बसेल. तुमची मागणी सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोनच गोष्टींवर ठेवा.

मिस्टर पोलिसात फसवणुकीची तक्रार करू म्हणताहेत, माझा सल्ला नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासूनच लुबाडायचा हेतू दाखवावा लागतो, इथे बस आली, नेलं, जेवण दिलं, तो हेतू दिसणार नाही. चौकीत चकरा मारण्यात दम जाईल आणि खरी केस मागे पडेल.

रिव्ह्यूबद्दल घाबरू नका. अब्रुनुकसानीचं कलम आता न्याय संहितेत 356 आहे, आणि त्यातच अपवाद दिलेत, लोकांच्या भल्यासाठी खरी गोष्ट सांगणं आणि सद्भावनेने स्वतःच्या किंवा इतरांच्या हितासाठी सांगणं हा गुन्हा होत नाही. तुम्ही लिहिलेलं बस किती वाजता आली, स्टेपनी कशी होती, बीचवर किती वेळ मिळाला, हे सगळं राहू द्या. पण त्यात "चोर लोक आहेत, सगळे पैसे खाऊन बसलेत" अशी जी शेवटची ओळ आहे ती आजच काढा. ती काढलीत म्हणजे तुम्ही माघार घेतली असं नाही, जे सिद्ध करता येतं तेवढंच ठेवलं. काढण्याआधी आणि नंतर दोन्हीचे स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यांचा धमकीचा मेसेज जपून ठेवा, रिफंड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला केसची भीती घालणं हे आयोगाला आवडत नाही.

किती मागायचं यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. दोन लाख लिहू नका. मोदक सोडून जेवण मिळालं, प्रवास झाला, चाळीस मिनिटं का होईना समुद्र मिळाला, हे आयोग बघणारच. पूर्ण 7,250 व्याजासह मागा, मानसिक त्रासाचे 15,000 आणि तक्रारीच्या खर्चाचे 5,000, रात्री 1 ची रिक्षाची पावती किंवा पेमेंट असेल तर ते वेगळं. यातलं सगळं मिळेलच असं मी सांगणार नाही, तिकिटाचा काही भाग कापूनही आदेश होऊ शकतो, पण आकडा रास्त असला की अर्ज वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. सासूबाईंचं वय आणि रात्री रस्त्यात उतरवणं या त्रासाबद्दल चार ओळी जास्त लिहा, मोदकाबद्दल एक पुरे.

बसमधल्या बाकी लोकांचा जो ग्रुप झालाय त्यातल्या दोन-तीन जणांकडून साधं प्रतिज्ञापत्र घ्या, बस किती वाजता आली आणि बीचवर किती वेळ मिळाला एवढंच. कोणाला सोबत यायचं असेल तर एकत्र तक्रारही करता येते, पण सगळ्यांना जमवण्यात महिने घालवू नका, घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे आणि लोक पुढच्या महिन्यात फोन उचलेनासे होतात हा माझा अनुभव आहे.

आता क्रम. आधी पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन, तुमच्याच सहीने चालते. तोवर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, फुकट आहे आणि कधी कधी तेवढ्यावरच मिटतं. नाही मिटलं तर जिल्हा आयोगात, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाईनही होतं. तुम्ही दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत आहे म्हणून फी शून्य, वकील लावायची सक्ती नाही, स्वतः बोलता येतं आणि इतक्या रकमेसाठी वकील लावूही नका, फी त्याहून जास्त होईल. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि फार तर 15 वाढवून मिळतात, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की त्यापुढे मुदत नाही. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, त्याची तयारी ठेवा. आदेश होऊन पैसे दिले नाहीत तर कलम 72 खाली तुरुंगाची तरतूद आहे, त्यामुळे बरेच जण त्या टप्प्यावर मुकाट देतात.

आणि तो 500 च्या सुटीचा कागद. त्यात शेवटची ओळ आहे, "यापुढे आमची कोणतीही तक्रार राहिलेली नाही." त्यावर सही करू नका, मिस्टरांनाही करू देऊ नका, आणि फोनवर "बरं ठीक आहे" सुद्धा म्हणू नका, जे काही बोलायचं ते लिहून कळवा असा एक मेसेज पाठवून ठेवा. त्यांनी रोख परतावा देऊ केला आणि तो 5,000 च्या वर असेल तर मी तुम्हाला घ्या म्हणेन, पण पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही. नोटीस लिहून झाली की पाठवायच्या आधी मला दाखवा.